कुत्रा चालेल का? हफ्र अल बातिन ते जेद्दा

मी आयुष्यातली पहिली बीअर सौदी अरेबियात प्यायले. तीही चोरून नव्हे. भर दुपारी, हमरस्त्याच्या कडेला, घडीची खुर्ची टाकून, पायाशी कुत्रा बसवून. हे वाचून कराडच्या आमच्या आळीत कुणाच्या भुवया वर जाणार असतील, तर खुशाल जाऊ देत.

ही बीअर जवाची, बिननशेची. इथे तिला शईर म्हणतात आणि ती प्रत्येक बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दुधाच्या शेजारी ठेवलेली असते. डाळिंबाची मिळते, सफरचंदाची मिळते. मला साधी कडवट आवडते. आमच्याकडे लग्नकार्यात पुरुष मंडळी मांडवामागे बाटल्या उघडायची आणि बायकांच्या हातात सरबताचे पेले यायचे. चव कशी असते एवढंच मी एकदा विचारलं होतं. "तुला कशाला नसत्या चौकशा?" असं उत्तर मिळालं. जिथे दारूचा थेंब मिळत नाही त्या देशात माझी ती चौकशी पुरी झाली.

मी शालन. हफ्र अल बातिनच्या सरकारी हॉस्पिटलात चोवीस वर्षं नर्स आहे. कुवेतच्या हद्दीकडचं हे लष्करी छावणीचं गाव. चोवीस वर्षांत मी या देशात काय पाहिलं? वॉर्ड, क्वार्टर आणि विमानतळ. गेल्या वर्षी आमचे दक्षिण आफ्रिकेचे एक डॉक्टर कायमचे घरी निघाले, तेव्हा त्यांचा जुना ट्रेलर मी घेतला: दोन बाकं, शेगडी, पेटीएवढा फ्रिज, पुढे गाडीला जोडायचा आकडा. ट्रेलरखाली एक कुत्रा झोपलेला असायचा. वाळवंटातला बेवारशी, एका कानाचा तुकडा गेलेला, अंगावर पिवळे, तपकिरी, काळे ठिपके. ट्रेलर हलला तसा तोही मागोमाग आला. मी त्याचं नाव चिवडा ठेवलं.

जेद्द्याला जायचं कारण मात्र माझं नव्हतं, हाजराचं होतं. हाजरा आमच्याच हॉस्पिटलात प्रसूती विभागात आहे, हर्णैची. तिचा नवरा रास तनुराला तेलाच्या कामावर असतो. तिचा धाकटा भाऊ अन्वर जेद्द्याच्या अल अझीझिया भागात कापडाचं दुकान चालवतो. त्याची बायपास झाली, आणि हाजराला त्यानं कळवलं ते ऑपरेशननंतर आठ दिवसांनी.

"आपा काळजी करेल म्हणून नाय सांगितलं म्हणे," ती ड्यूटीरूममध्ये कपाटाचं दार आपटत म्हणाली. "तीस वर्षं हॉस्पिटलात काढली मी. आणि माझ्या भावाची छाती उघडली ते मला सगळ्यात शेवटी कळतं?"

"विमानानं जा ना."

"जाईन तर रडून परत येईन. मला त्याच्याशी भांडायचंय. त्याला दिवस लागतील."

मी म्हणाले, "मग माझ्याबरोबर चल. गाडी मी चालवते. चिवडा पण येईल."

हाजरा कुत्र्याला शिवत नाही. लाळ लागली तर नमाजाआधी सगळं धुवावं लागतं, हा तिचा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत. तिनं अटी घातल्या. "तो मागच्या सीटवर. माझी चादर, माझी भांडी वेगळी. आणि तो माझ्या अंगावर आला तर मी उतरून चालत जाईन."

हे ठरलं आणि सल्ले सुरू झाले. आमचे एक मराठी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, दोन बायका, त्यात कुत्रा. लोक काय म्हणतील?" पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, बी सेन्सिबल, फ्लाइट घे. कुत्र्याला कुणाच्या तरी फार्मवर सोड." फक्त हाजराच्या नवऱ्यानं कामाचं सांगितलं, "स्टेपन्या दोन घ्या."

तयारी

मला लपूनछपून जायचं नव्हतं. कुत्र्याला घोंगडीखाली दडपून हॉटेलात जेवायचं, हे मला जमणार नव्हतं. म्हणून वाटेतल्या खानावळी, कॅम्पच्या जागा, चहाचे गाडे यांना मी आठवडाभर आधी फोन केले. सगळीकडे एकच प्रश्न: कुत्रा चालेल का?

पहिल्याच फोनवर घोटाळा झाला. पलीकडचा माणूस म्हणाला, "हृदय नाही मॅडम. कलेजी आहे, ताजी."

हाजरा हसून हसून बाकावर आडवी झाली. "गो, तू घशातून काढलंस! घशातून क काढला की अरबीत काळीज होतं. कुत्र्याला जिभेच्या मागून साधा क काढ. कल्ब."

त्यानंतर मी साधा क काढला आणि लोक फोन ठेवू लागले. काहींनी सरळ नाही म्हटलं. दोघांनी विचारलं, "केवढा आहे?" बहुतेक जण "इन्शाअल्ला" म्हणाले, आणि इतकी वर्षं इथे राहिल्यावर त्या शब्दाचे किती अर्थ होतात हे मला ठाऊक आहे. रियाधकडच्या एका प्राणीप्रेमी तरुणीनं मात्र फोनवरच मला तीन जागा सांगितल्या आणि म्हणाली, "जिथे नाही म्हणतील तिथेही जा आंटी. बघू देत त्यांना."

बुरैदा

जानेवारीची सकाळ. पहिले तीन तास रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट माळ, मधूनच उंटांचा कळप. मागे ट्रेलर असला की वळण लांबून घ्यावं लागतं. दुपारपर्यंत हाताला सवय झाली. कसीम प्रांत सुरू झाला तशा खजुराच्या बागा लागल्या.

बुरैद्याच्या अलीकडच्या खानावळीनं फोनवर स्पष्ट हो म्हटलं होतं. आम्ही पोचलो तर सीरियन मॅनेजर हात चोळत बाहेर आला. काचेतून कुत्रा दिसल्यावर आत एका कुटुंबानं तक्रार केली होती. "तुम्ही आत या, फॅमिली केबिन आहे. त्याला मागे बांधा." मागे म्हणजे कचऱ्याच्या पिंपांपाशी. मी जाऊन पाहून आले. खाली तेलाचा चिखल होता.

"तुम्ही हो म्हणाला होता," मी म्हणाले.

"मी हो म्हणालो. त्यांनी नाही म्हटलं. मी काय करू?"

त्याचंही खोटं नव्हतं. पण मीही तिथून निघून जाणार नव्हते. पार्किंगमध्ये, खानावळीच्या काचेच्या बरोबर समोर, मी ट्रेलर उभा केला. टेबल उघडलं, खुर्च्या मांडल्या, चिवड्याला चाकाशी बांधला. बकाल्यातून दोन शईर आणल्या. मग आत जाऊन दोघींचं जेवण मागवलं: जरीश, म्हणजे भरडलेल्या गव्हाची ताकातली खीर म्हणा, वर परतलेला कांदा. आमची गव्हाची गोड हुग्गी तिखटमिठात केली तर जवळपास अशीच चव येईल. सोबत कोंबडी आणि भात.

हाजरा बाटली उजेडात धरून वाचत होती. "नाव बीअर हाय गो."

"शून्य टक्के लिहिलंय बघ."

"ते वाचलं मी. पण कोणी फोटो काढून हर्णैला पाठवला तर तिथे शून्य कोण वाचणार?" असं म्हणून तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि डाळिंबाची आणायला उठली.

काचेपलीकडून लोक बघत होते. बघू देत. जेवण संपत आलं तेव्हा तक्रार केलेलं कुटुंब बाहेर पडलं. बाप मान वळवून गाडीत बसला. आई मात्र थांबली, काळ्या नकाबातून तिनं चिवड्याकडे नीट पाहिलं, पर्समधून कलीजाचं पाकीट काढलं आणि आमच्या टेबलावर ठेवलं. कलीजा म्हणजे इथली वेलची-दालचिनीची, आत खजूर भरलेली बिस्किटं. मग ती गाडीत जाऊन बसली. ती बिस्किटं कुणासाठी होती, आमच्यासाठी की कुत्र्यासाठी, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हीच खाल्ली.

हाईलच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. नकाशात एक आडवाट दिसली, लाल वाळूच्या टेकड्यांमधून जाणारी. ट्रेलर घेऊन तिथे शिरू नये हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. अर्ध्या तासात ट्रेलरचं डावं चाक आसापर्यंत रुतलं.

फावडं आणायला विसरलो होतो. आम्ही ताटानं वाळू उपसली. जेवढी काढली तेवढी परत आली. फोनला रेंज नाही. हाजरानं तासाभरानं ताट खाली टाकलं. "डॉक्टर म्हणाले होते," ती म्हणाली.

"डॉक्टर कुत्र्याबद्दल बोलत होते. वाळूबद्दल नाही."

"तुझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाय."

तेवढ्यात टेकडीवरून एक धुळकट पिकअप उतरली. चालवत होती एक म्हातारी. बुरखा डोक्यामागे टाकलेला, हनुवटीवर निळं गोंदण, शेजारच्या सीटवर बकरीचं करडू. ती उतरली, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण चालवत होतं?"

"मी."

"बरं. हवा कमी कर."

तिनं टायरांची अर्धी हवा सोडायला लावली, स्वतःच्या गाडीतून दोरखंड काढला, आणि दुसऱ्या झटक्यात ट्रेलर बाहेर. मग यल्ला, म्हणजे चला, म्हणत आम्हाला तिच्या तंबूकडे नेलं. नाव उम्म सालेह. मी तिला सांगितलं की लायसन्स मिळून मला थोडीच वर्षं झालीत. ती खो खो हसली. "लायसन्स? मी नवऱ्याची पहिली गाडी आली तेव्हापासून चालवते. पाणी कोण आणणार होतं, पोलीस?"

तंबूत एका गालिच्यावर सडपातळ, लांब नाकाचा शिकारी कुत्रा पाय पसरून पडला होता. मला आनंद झाला. मी चिवड्याची दोरी धरून आत पाऊल टाकलं, तर म्हातारीनं हात आडवा केला.

"कल्ब बाहेर."

"मग हा?"

"हा कल्ब नाही. हा सलूगी." सशाची शिकार करणारा सलूगी घरचा माणूस. बाकीचे सगळे कुत्रे.

हाजरा माझ्याकडे बघत होती, मी आता भांडणार म्हणून. मी भांडले नाही. त्या मॅनेजरनं हो म्हणून शब्द फिरवला होता. या बाईनं स्वतःच्या घराचा नियम तोंडावर सांगितला होता. आणि चिवडा बाहेर असला तरी पिंपापाशी नव्हता. म्हातारीनं त्याला दोरखंडाच्या गुंडाळीवर, वाऱ्याच्या आडोशाला बसवलं आणि मोठ्या वाडग्यातून उंटिणीचं दूध दिलं. आम्हालाही त्याच धारेचं, कोमट, फेसाळ, किंचित खारट. मी तिला माझी शईर देऊ केली. तिनं वास घेतला. "माझा मुलगा पितो. खोकल्याचं औषध." बाटली परत.

निघताना तिनं हाजराला विचारलं, "तू कुठे चाललीस?"

"भावाला भेटायला. तो आजारी होता आणि त्यानं मला सांगितलं नाही."

"मारशील?"

"बघते."

"आधी जेवायला घाल," उम्म सालेह म्हणाली.

यान्बू

वाटेत अल उलाचे कोरीव कातळ मी पाहिले आणि त्यांच्याबद्दल लिहिणार नाही. त्यांचे फोटो सगळीकडे आहेत आणि फोटो खरे आहेत. तिथे कुत्रा चालला, पण कॉफी एवढी महाग की आम्ही आमचाच चहा केला.

यान्बूला समुद्र दिसला आणि हाजरानं गाडीची काच खाली केली. हर्णै सोडल्यापासून ती समुद्राकाठी राहिलेली नाही. मच्छी बाजारालगतच्या गाड्यावर आपण मासा निवडायचा, ते तळून देतात, खाली तपकिरी कांद्याचा भात. गाडेवाल्याला मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "त्याला काटे देऊ नका, घशात अडकतात." इतकंच. सबंध प्रवासात मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर. हाजरानं डब्यातली जवळ्याची सुकी चटणी काढली, गाडेवाल्याला चाखायला दिली, आणि तो डोळ्यांतलं पाणी पुसत आणखी मागत राहिला.

तिथेच अन्वरचा आवाजी निरोप आला. हाजरानं तो माझ्यासमोर वाजवला. "आपा, घरात कुत्रा आलेला चालणार नाही. बिल्डिंगमध्ये पण चालत नाही. त्या सिस्टरना आणि कुत्र्याला हॉटेलात सोड आणि तू वर ये. तुझी खोली तयार आहे."

मी म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. त्याचं घर आहे. मी समुद्राकाठी कॉर्निशवर कुठेतरी ट्रेलर लावते, तू जा."

हाजरा माशाचा काटा काढत होती. बराच वेळ काढत होती. "घरात नको म्हणाला, ठीक हाय. मी पण घरात नको म्हणाले असते. पण तुला हॉटेलात सोड म्हणाला. तू त्याच्या बहिणीला तेराशे मैलांवरून घेऊन आलीस. कुत्र्याच्या पंक्तीला तुला बसवली त्यानं."

"किलोमीटर," मी म्हणाले. "आणि तो आजारी आहे, हाजरा."

"आजारी हाय म्हणून तर जातेय. वर जात नाय, एवढंच."

अल अझीझिया

जेद्द्यात शिरलो ती दुपार ओसरायची वेळ होती. ट्रेलर घेऊन शहरातल्या वाहतुकीत घुसण्यापेक्षा वाळूत रुतलेलं परवडलं. कापडाची, घड्याळांची, मोबाइलची दुकानं, दुहेरी लावलेल्या गाड्या, मागून अखंड हॉर्न. अन्वरच्या इमारतीसमोर एक मोकळा कोपरा होता. मी तिथे ट्रेलर घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बारीक, दाढी पांढरी झालेला माणूस उभा होता. हाजराचा फोन वाजला.

"आपा, वर ये."

"तू खाली ये."

"अगं, माझं ऑपरेशन झालंय."

"मला कळलं. आठ दिवसांनी कळलं. डॉक्टरनं चालायला सांगितलंय की नाय? मग चाल."

लिफ्टनं का होईना, तो खाली आला. छातीवर हात धरून, जपून पावलं टाकत. मी चिवड्याला पलीकडच्या चाकाशी आखूड बांधला आणि बाजूला उभी राहिले. भावाबहिणीची ती भेट मला वाटली होती तशी झाली नाही. रडणं नाही, मिठी नाही.

"लोक बघतायत," अन्वर म्हणाला.

"बघू देत."

"आपा, तू नमाजी बाई. कुत्र्याबरोबर एवढ्या लांब आलीस?"

"मी त्याला हात लावत नाय. तो माझा नेम हाय, आणि तो मी पाळला. या बाईला विचार." हाजराचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या दुकानदारानं मान वर केली. "पण त्याला टाकून मी येणार नाय. हिला टाकून तर अजिबात नाय. तो पण माझाच नेम. एक पाळायचा आणि दुसरा मोडायचा, हे कोणी शिकवलं तुला? अम्मीनं तर नाय शिकवलं."

अन्वर ट्रेलरला टेकला.

"आणि तू मला शिकवू नको, काय लपवायचं आणि काय सांगायचं ते. बस."

तिनं ट्रेलरचं दार उघडलं, त्याला बाकावर बसवलं. मी आत जाऊन रक्तदाबाचं यंत्र काढून दिलं. हाजरानं त्याच्या सदऱ्याची बटणं काढली. मधोमध लांब, गुलाबी, नीट भरत आलेला व्रण होता. हाजरानं चष्मा लावला, दोन बोटांनी व्रणाच्या कडेनं वरपासून खालपर्यंत दाबत गेली. दुखतं का, इथे दुखतं का, पाणी येत होतं का, ताप होता का. तो एकेका शब्दात उत्तरं देत होता. शेवटचं बटण तिनं चुकीच्या काजात घातलं. तेव्हा त्यानं तिचे हात धरले.

"भीती वाटली होती, आपा," तो म्हणाला. "तू आली असतीस तर मी घाबरलो असतो. तू नव्हतीस म्हणून धीट राहिलो."

मी बाहेर आले. चिवड्याला पाणी दिलं.

अन्वरच्या बायकोनं वरून डबे पाठवले आणि मग स्वतःच खाली आली. ट्रेलरबाहेर टेबल मांडलं: घावणे, नारळाच्या रसातलं मटण, आणि मधोमध माझ्या शेवटच्या चार शईर. हाजरानं आधी भावाचं ताट वाढलं, मीठ कमीचं. आम्ही जेवायला बसतो तोच इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, आला. सुदानी, उंच, नाइलाजानं आलेला दिसत होता. मालकाचा फोन आला होता. ट्रेलर हलवायचा. कुत्रा तर ताबडतोब.

मी उठले. किल्ली खिशातच होती. या रस्त्यावर माझा कुठलाच हक्क नव्हता, हे मला पुरतं माहीत होतं.

अन्वरनं बसल्या जागेवरूनच मला हातानं थांबवलं. मग टेबलाला धरून हळूहळू उभा राहिला. अरबीत, सावकाश, एकेक शब्द वेगळा करत तो म्हणाला, "ही माझी बहीण. ही तिची मैत्रीण, माझी पाहुणी. मी या इमारतीत अठरा वर्षं भाडं भरतोय. मालकाला सांग, मला फोन कर म्हणावं."

हारिसनं चाकाकडे बोट दाखवलं. "आणि तो?"

अन्वरनं चिवड्याकडे पाहिलं. चिवड्यानंही त्याच्याकडे पाहिलं, अर्धा कान उभा करून. अन्वर अर्धं पाऊल मागे सरला. त्याला कुत्र्यांची खरोखरच भीती वाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"तोही यांच्याबरोबर आलाय," अन्वर म्हणाला. "बरोबरच जाईल."

हारिसनं खांदे उडवले, फोन कानाला लावला आणि इमारतीकडे चालत गेला. अन्वर खाली बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. हाजरानं न विचारता त्याची नाडी धरली आणि घड्याळात बघत राहिली.

आम्ही त्या कोपऱ्यावर पाच दिवस राहिलो.